अकरा मैल, तीन फर्लांग

रेकॉर्ड रूममध्ये, कपाट नंबर सहा,
खालच्या फळीवर
वाळवीनं अर्धं वाचून ठेवलेलं एक मिनिटबुक आहे.
त्यात एक रेल्वे आहे.

ती सरकारची नव्हती, कुठल्या साहेबाच्या कंपनीचीही नाही.
जिल्हा लोकल बोर्डाची.
म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा भरणाऱ्या
सगळ्यांची.
सोलापूरच्या गिरणीमागच्या यार्डापासून
शिरगुंडीच्या कडब्याच्या गंजीपर्यंत
अकरा मैल, तीन फर्लांग.
रुंदी अडीच फूट,
बैलजोडी शेजारी उभी केली तर एक बैल बाहेर पडेल एवढी.

ठराव सोळा : इंजिन घेणे, एक. जुने चालेल.
ठराव सतरा : इंजिनास पाणी कोठून, याचा विचार पुढील सभेत.
पुढील सभेत गणपूर्ती झाली नाही.
शिरगुंडीच्या पोरींनी मग घागरीघागरीनं बॉयलर भरला,
सात महिने,
आणि जमाखर्चात लिहिलं गेलं :
'पाणी – स्थानिक सहकार्य.'

ड्रायव्हर गुंडाप्पा हलकुडे कानडीत शिव्या द्यायचा,
फायरमन मशाक नदाफ त्या हिंदीत परत करायचा,
तिकीटबाबू व्यंकटनरसू बोद्दुल
पैसे तेलुगूत मोजून मराठीत लिहायचा.
या तिघांत कुठेतरी
रोजचे दीड आणे गळायचे.
ऑडिटरनं तीन वेळा विचारलंय. उत्तराची जागा कोरी.

सहाव्या मैलाला तानूबाई वाघमोडे
शेंगांचं पोतं घेऊन रुळात उभी राहिली.
हातात साऱ्याची पावती.
"मालकीण हाय मी. थांबीव."
गुंडाप्पानं थांबवली.
पावती त्याला वाचता येत नव्हती, तिलाही नाही,
पण शिक्का खरा होता.

मग काय,
बांधाबांधाला मालक निघाले.
अकरा मैलांना साडेचार तास लागू लागले.
बोर्डानं ठरवलं : गाडीने केवळ स्थानकावरच थांबावे.
कुणा सभासदानं उपसूचना मांडली :
प्रत्येक बांध हे स्थानक समजावे काय?
निर्णय : तहकूब.
तो अजून तहकूबच आहे.

पुढे एस.टी. आली. चाळीस मिनिटांत गिरणीचा भोंगा.
गुंडाप्पाच्या बायकोनंसुद्धा एस.टी.नं माहेर गाठलं.
त्यानं तीन दिवस शिट्टी वाजवली नाही.

लिलाव झाला तेव्हा रूळ मणावर गेले.
एक तालमीच्या आढ्याला, दोन कुणाच्या गोठ्याला,
पुलाचा गर्डर कुठं गेला ते लिहिलेलं नाही.
तानूबाई आली. कमरेच्या पिशवीतून
चोवीस वर्षांच्या पावत्या काढल्या.
"माझा वाटा द्या."
बोद्दुलनं खरंच हिशेब केला, तेलुगूत,
आणि दीड हात रूळ कापून दिला.
तिनं तो माचणाला टांगला.
सुगीत त्यावर दगड वाजवला की
ज्वारीवरची पाखरं पार नाल्यापल्याड उठायची.

बोर्ड गेलं, जिल्हा परिषद आली.
मालमत्ता रजिस्टरात अजून एक ओळ आहे :
लोहमार्ग, एक. किंमत रुपये एक.
दरवर्षी मार्चअखेर प्रत्यक्ष पडताळणीची सही माझी.
साहेब म्हणतात, खोडून टाका की.
खोडायला ठराव लागतो, साहेब.
ठरावाला गणपूर्ती.

परवा लुना काढून गेलो.
सहाव्या मैलाला मालदांडी उभी होती, कमरेएवढी,
आणि तिच्यातून सरळ, उत्तरेला,
अडीच फुटांची एक फिकी पट्टी.
तानूबाईचा नातू म्हणाला,
"हितं नांगर अडतोय बघा. खाली खडी हाय.
काढावी म्हटलं, तर आजी ऐकायची न्हाई."
तो रूळ कुठाय विचारलं.
त्यानं नुसता हात हलवला, कुठंतरी.

बांधावर बसून रजिस्टर उघडलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
आहे.
ज्वारी विरळ.